चार पिनांचा ड्रायर आणि दांडियाबाजारातले जुने घर

वाचक भगिनीचे पत्र: "आम्ही वडोदऱ्यात दांडियाबाजारात सासऱ्यांच्या वेळच्या घरात राहतो. मुलगा आणि सून बारा वर्षांनी न्यू जर्सीहून कायमचे परतले आणि सामानाच्या कंटेनरमधून कपडे वाळवण्याचा ड्रायर घेऊन आले. पावसाळ्यात नातवंडांचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, म्हणून तो लवकर सुरू करायचा आहे. त्याच्या वायरीला चार जाड पिना आहेत आणि मागे 240 व्होल्ट असे लिहिले आहे. आमच्याकडे थ्री फेज मीटर असल्यामुळे वायरमन म्हणतो की दोन फेज आणि न्यूट्रल देऊन टाकतो, 'थई जशे, बेन' (होऊन जाईल, ताई). शेजारी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायला सांगतात. सून म्हणते की इथलाच नवा ड्रायर घेऊ आणि गिझरच्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन ओढून चालवू. मी निवृत्त शिक्षिका आहे. विजेतले मला कळत नाही, पण तिघांपैकी कोणाचेही ऐकायला मन धजत नाही. काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत तो ड्रायर कोणत्याही तारेला जोडू देऊ नये, ही विनंती प्रथम करतो. तिघांच्या सल्ल्यांपैकी वायरमनचा सल्ला सर्वांत धोक्याचा आहे, शेजाऱ्यांचा खर्चिक आणि अपुरा आहे, आणि सूनबाईंचा अर्धा बरोबर आहे. त्यातला उरलेला अर्धा, म्हणजे गिझरच्या पॉइंटवरचे एक्स्टेन्शन, सोडून द्यावा लागेल.

यंत्राच्या मागे 240 व्होल्ट लिहिले आहे आणि आपल्या घरात 230 व्होल्ट येतात, तेव्हा फरक तो काय, असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि वायरमनचा गोंधळही तिथूनच सुरू झाला असावा. अमेरिकेत घराबाहेरच्या ट्रान्सफॉर्मरमधील गुंडाळीची दोन टोके आणि तिचा मध्यबिंदू अशा तीन तारा घरात येतात. मध्यबिंदू म्हणजे न्यूट्रल. कोणतेही एक टोक आणि न्यूट्रल यांच्यामध्ये 120 व्होल्ट मिळतात, आणि दोन टोकांमध्ये 240. ड्रायर हे दोन्ही एकाच वेळी वापरतो: हवा तापवणारी कॉइल 240 व्होल्टवर चालते, तर ड्रम फिरवणारी मोटर, टायमर आणि आतला दिवा 120 व्होल्टवर चालतात. म्हणूनच त्याला चार पिना आहेत. दोन गरम टोकांच्या, एक न्यूट्रलची आणि एक अर्थिंगची. आपल्याकडे या चार पिनांना जुळणारा सॉकेट मिळत नाही, याला केवळ बाजारातली उणीव समजू नये. ज्या घरात ही तीन तारांची व्यवस्था नाही तिथे ते यंत्र लागू नये, यासाठीच पिना तशा घडवलेल्या असतात.

आता आपल्या थ्री फेज मीटरमधून दोन फेज, म्हणजे विजेच्या दोन जिवंत तारा, घेतल्या तर काय होईल ते पाहा. आपल्याकडे प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये 230 व्होल्ट असतात, परंतु दोन फेजांमध्ये ते 230 च्या 1.732 पट, म्हणजे सुमारे 400 व्होल्ट भरतात. जी कॉइल 240 व्होल्टवर 5400 वॅट उष्णता देण्यासाठी बनवली आहे (अमेरिकन विजेच्या ड्रायरमध्ये साधारण एवढीच असते), तिला 400 व्होल्ट दिले की उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढून 15,000 वॅटच्या घरात जाते आणि तारेतून 22 ऐवजी 37 अँपिअर वाहू लागतात. त्याच वेळी 120 व्होल्टच्या मोटरला फेज आणि न्यूट्रलमधून 230 व्होल्ट मिळतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. मोटर थांबली की कॉइल आपोआप बंद व्हावी अशी सोय या यंत्रांत असते, त्यामुळे दैव चांगले असेल तर मोटर आणि नियंत्रणाची पाटी जळून प्रकरण तिथेच थांबेल. परंतु सुती कपड्यांनी भरलेल्या पिंपाशेजारी 15,000 वॅटची कॉइल लावून दैवावर हवाला ठेवणे कोणत्याही घरात योग्य नाही, आणि लाकडी तुळया व पाटणी असलेल्या जुन्या घरात तर नाहीच.

रंगांचा घोटाळा वेगळाच आहे, आणि माझ्या मते तो अधिक फसवा आहे, कारण तो कामात तरबेज असलेल्या माणसालाही फसवतो. अमेरिकन वायरीत काळी आणि लाल या दोन्ही विजेच्या तारा असतात, पांढरी न्यूट्रल असते आणि हिरवी अर्थिंगची. आपल्या जुन्या घरांत मात्र काळी म्हणजे न्यूट्रल, आणि आपला वायरमन वर्षानुवर्षे काळी तार डोळे मिटून न्यूट्रलला लावत आला आहे. त्यातून आपल्या थ्री फेजच्या जुन्या पद्धतीत लाल, पिवळी आणि निळी या तीन फेजच्या तारा असतात, तर आज दुकानातून येणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या वायरीत निळी तार ही न्यूट्रलची असते, तपकिरी फेजची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची. म्हणजे एकाच घरात भिंतीतली निळी फेज आणि यंत्राची निळी न्यूट्रल अशी समोरासमोर येऊ शकते. त्यामुळे वायरमनने रंगावर विश्वास न ठेवता प्रत्येक तार मीटरने मोजून ओळखावी, असे आपण त्याला स्पष्ट सांगावे. त्यात त्याच्या अनुभवाचा अपमान होत नाही.

शेजाऱ्यांच्या ट्रान्सफॉर्मरचे पाहू. बाजारात मिळणारा साधा 230 चे 110 करणारा ट्रान्सफॉर्मर मोटरला पुरेल, पण कॉइललाही 110 व्होल्टच देईल आणि तिची उष्णता जेमतेम एक पंचमांश उरेल. कपडे नुसते फिरत राहतील. मधोमध टोक काढलेला, 120-0-120 असे देणारा, सहा-सात किलोव्होल्ट-अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर बनवून घेता येतो, आणि वडोदऱ्यासारख्या ट्रान्सफॉर्मरच्या गावात तो बनवणारा सापडायला वेळही लागणार नाही. मात्र तो एका माणसाला उचलणार नाही इतका जड असेल, रिकामा चालू ठेवला तरी वीज खाईल, आणि इतके करूनही एक गोष्ट तो बदलू शकणार नाही. अमेरिकेत विजेची वारंवारता 60 हर्ट्झ आहे आणि आपल्याकडे 50. 60 हर्ट्झसाठी बनवलेली मोटर येथे सहा भागांतला एक भाग हळू फिरते. याच मोटरवर हवा ढकलणारा पंखाही असतो, म्हणजे कॉइल पूर्ण तापते पण तिच्यावरून जाणारी हवा कमी होते. शिवाय जुन्या पद्धतीचा मोटरचा टायमर असेल तर साठ मिनिटांचा फेरा बहात्तर मिनिटे चालतो. कमी हवा, तीच उष्णता आणि अधिक वेळ यांची बेरीज मला पसंत नाही.

मुलाने तो ड्रायर किती हौसेने आणला असेल याची मला कल्पना आहे, म्हणून हे सांगताना वाईट वाटते, पण तो येथे चालवण्याजोगा नाही. त्याच कंटेनरमधून 120 व्होल्टचे वॉशिंग मशीन आले असेल तर त्यालाही फक्त पिन बदलून लावू नये. ड्रायर भंगारात किंवा सुट्या भागांसाठी देताना त्याची चार पिनांची वायर कापून टाकावी, म्हणजे पुढच्या कोणाला "थई जशे" म्हणण्याचा मोह होणार नाही. त्या देशातही हा प्रश्न सोपा नव्हता. पूर्वी तेथे ड्रायरला तीनच पिना ठेवून यंत्राचा पत्रा न्यूट्रलला जोडण्याची सवलत मिळाली, आणि नव्या वायरिंगसाठी चार पिना बंधनकारक व्हायला 1996 साल उजाडले. तीन पिनांच्या त्या यंत्राची न्यूट्रल कुठे तुटली की बाहेरच्या पत्र्यालाच वीज लागते. जुन्या यंत्रांच्या पाठीमागे पत्रा न्यूट्रलला जोडणारी पट्टी अजून दिसते, एवढ्यासाठी हे सांगितले.

आता सूनबाईंच्या सल्ल्यातला बरोबर भाग. भारतात विकले जाणारे घरगुती ड्रायर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, सिंगल फेजवर चालतात. गरम दमट हवा नळीने बाहेर सोडणारे किंवा तिच्यातले पाणी आतच गाळून डब्यात साठवणारे यंत्र घेतले तर ते साधारण 2000 ते 2500 वॅटचे असते, म्हणजे नऊ ते अकरा अँपिअर. हीट पंपाचे, म्हणजे एसीसारख्या पद्धतीने हवा तापवणारे, यंत्र महाग पडते, पण साधारण हजार वॅटच्या आतबाहेर काम भागवते आणि कपडे कमी तापवते. घराचे वायरिंग जुने असेल तर किमतीतला फरक सोसूनही हीट पंपाचे यंत्र घ्यावे असे माझे मत आहे, कारण जो भार तारेवर पडतच नाही त्याची काळजीही करावी लागत नाही. तरीही पॉइंट मात्र पूर्ण भाराचा करून घ्यावा. उद्या यंत्र बदलले तर भिंत पुन्हा फोडावी लागू नये.

गिझरही दोन हजार वॅटचा आणि ड्रायरही दोन हजार वॅटचा, मग गिझरच्या पॉइंटवर हरकत कसली, हा प्रश्न सूनबाई विचारतील आणि तो रास्त आहे. उत्तर वेळात आहे. घरगुती गिझर दहा-पंधरा मिनिटे चालतो आणि पाणी तापले की आपला आपण बंद पडतो, तेवढ्यात सॉकेट, स्क्रू आणि तारेचे टोक थंड होतात. ड्रायरचा फेरा तास-दीड तास चालतो, पावसाळ्यात एकामागून एक तीन फेरेही होतात, आणि या सर्व वेळात दहा अँपिअर त्याच पितळी पात्यांतून वाहत राहतात. गिझरने दहा वर्षे झाकून ठेवलेला ढिला स्क्रू ड्रायर दहा दिवसांत उघडा पाडतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या कारेलीबागेतल्या घरी गिझरच्या पॉइंटवर एका हिवाळ्यात पाहुण्यांसाठी हीटर लावला. तो रात्रभर चालला आणि पहाटे स्वयंपाकघरात कोणी मासे तळले आहेत की काय असा वास आला. आमच्या घरी मासे शिजत नाहीत. सॉकेटचे प्लास्टिक आतून करपत होते आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास पुष्कळदा तसाच येतो. एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारा पेटीतला स्विच, जागची हललीही नव्हती. चाळीस वर्षे विजेच्या कामात घालवलेल्या माणसाच्या घरात हे घडले, याची लाज आजही वाटते. गिझर बसवताना तो स्क्रू मीच आवळला होता.

एमसीबी का पडली नाही, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण बहुतेक घरांत "एमसीबी आहे ना" या एका वाक्यावर सगळी भिस्त असते. एमसीबी फक्त किती प्रवाह वाहतो आहे हे पाहते. ढिल्या जोडात प्रवाह वाढत नाही. उलट किंचित कमीच होतो. समजा एखाद्या ढिल्या स्क्रूपाशी फक्त पाव ओहमचा अडथळा आला. दहा अँपिअर त्यातून गेले की तिथे दहाचा वर्ग गुणिले पाव, म्हणजे पंचवीस वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा सोल्डरिंगचा डाग साधारण तेवढ्याच वॅटचा असतो. असा एक डाग तास-दीड तास आपल्या सॉकेटच्या पोटात ठेवला आहे अशी कल्पना करावी. एमसीबीच्या दृष्टीने सगळे आलबेल असते. एक्स्टेन्शन बोर्ड लावला की असे जोड दोनाऐवजी पाच-सहा होतात, त्याची वायर बहुधा बारीक असते, आणि उरलेली वायर नीटनेटकी दिसावी म्हणून वेटोळे करून ठेवली तर आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडायला वावच राहत नाही. सोळा अँपिअरची पिन सहाच्या सॉकेटमध्ये बसवून देणारे जे कन्व्हर्टर मिळतात, त्यांच्याविषयी याहून वेगळे काही सांगायला नको. सर्व देशांच्या पिना घेणारे युनिव्हर्सल सॉकेटही नकोत. सगळ्यांना जागा देताना त्यांची पकड कोणावरच धड राहत नाही.

तेव्हा ड्रायरसाठी मीटरजवळच्या मुख्य पेटीपासून थेट, मध्ये दुसरा कोणताही दिवा-पंखा न घेता, स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी. तांब्याची 2.5 चौरस मिलिमीटरची तार किमान हवी. गॅलरीपर्यंतचे अंतर लांब असेल, आणि दांडियाबाजारातल्या चिंचोळ्या, खोल घरांत ते असतेच, तर 4 चौरस मिलिमीटरची घ्यावी. अर्थिंगची तारही तांब्याची आणि 2.5 पेक्षा बारीक नको. पेटीत या लाइनसाठी 16 अँपिअरची एमसीबी असावी. भिंतीत 16 अँपिअरचा, झडप असलेला सॉकेट असावा. जुने लोक ज्याला पंधराचा पॉइंट किंवा पॉवर प्लग म्हणतात तोच. सॉकेटवर आणि पिनेवर आयएस 1293, तारेवर आयएस 694 हे क्रमांक आयएसआय चिन्हासह छापलेले असतात. ते चष्मा लावून स्वतः वाचून घ्यावेत, दुकानदाराच्या शब्दावर सोडू नयेत.

सासऱ्यांच्या वेळच्या वायरिंगमध्ये तीन गोष्टी मुद्दाम पाहायला सांगाव्यात. पहिली, तारा ॲल्युमिनियमच्या आहेत काय. साठ-सत्तरच्या दशकांतल्या अनेक घरांत त्या तशा होत्या, आणि ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबत जाते, त्यामुळे आज घट्ट असलेला जोड काही वर्षांनी ढिला होतो. अशा तारेवर ड्रायरचा भार टाकू नये आणि तिला तांब्याची तार पिळून पुढे नेऊ नये. दुसरी, पेटीत चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतील तर त्यांत कोणती तार घातली आहे. वारंवार फ्यूज जातो म्हणून कोणीतरी कधीतरी जाड तार घातलेली असते, आणि मग फ्यूज शाबूत राहतो, भिंतीतली तार जाते. लाकडी पट्टीतले वायरिंग असेल तर ती तार जाते तेव्हा पट्टीही बरोबर जाते. तिसरी गोष्ट अर्थिंग, आणि तिच्यावर थोडे थांबले पाहिजे.

जुन्या घरांत अर्थिंगची तार पुष्कळदा नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असे. पाइप जमिनीत जात होता तोवर ते कसेबसे चालून गेले. पुढे बहुतेक घरांत लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे बसवले, आणि त्या दिवशी घराचे अर्थिंग कोणालाही न कळता संपले. सॉकेटला तिसरे भोक आहे, त्यामागे हिरवी तारही आहे, पण ती कुठेच जात नाही. काही ठिकाणी याहून वाईट प्रकार असतो: अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच अर्थिंगचे टोक न्यूट्रलला जोडून दिलेले असते. टेस्टरने पाहिले तर सगळे ठीक दिसते. परंतु पेटीकडे कुठे न्यूट्रलचा जोड सुटला, की त्या न्यूट्रलवर आलेली वीज यंत्राच्या पत्र्यावर येऊन बसते, आणि ओले कपडे हातात घेऊन आपण त्याच पत्र्याला हात लावतो. ड्रायरपाशी हात कोरडे असण्याचा संभव कमीच.

म्हणून आपल्या घराला स्वतःचे, जमिनीत पुरलेले अर्थिंग हवे. अंगणात किंवा चौकात जागा असेल तर तिथे, नसेल तर ओटल्यालगत. ते झाल्यावर वायरमनने फेज आणि अर्थ यांच्यामधले व्होल्टेज मोजावे, ते फेज आणि न्यूट्रलमधल्या व्होल्टेजइतकेच यावे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधले मोजावे, ते चार-पाच व्होल्टच्या वर नसावे. एवढ्यावर न थांबता अर्थ टेस्टरने जमिनीचा अडथळा किती ओहम येतो तेही मोजून कागदावर लिहून द्यायला सांगावे. ही मोजमापे आपण स्वतः करू नयेत, फक्त आकडे मागावेत.

आणि चांगले अर्थिंग असले तरी एमसीबी एकटी पुरत नाही, हे ऐकून आश्चर्य वाटेल. समजा जमिनीचा अडथळा पाच ओहम आहे, जो घरगुती अर्थिंगसाठी वाईट म्हणता येणार नाही. फेजची तार यंत्राच्या पत्र्याला लागली तर 230 भागिले पाच, म्हणजे 46 अँपिअर जमिनीत जातील. मोटरच्या यंत्रांसाठी जी सी प्रकारची एमसीबी लावतात, ती 16 अँपिअरची असेल तर तत्काळ पडायला तिला 80 ते 160 अँपिअर लागतात. 46 अँपिअरवर ती काही सेकंद विचार करत बसते, आणि तेवढा वेळ पत्र्यावर वीज राहते. हे काम आरसीसीबीचे आहे. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून पूर्ण परत आली की नाही हे ती सतत तोलत असते, आणि 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात लाइन तोडते. ड्रायरच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी असावीच. तिच्यावर आयएस 12640 हा क्रमांक पाहावा, आणि हीट पंपाचे किंवा इन्व्हर्टर मोटरचे यंत्र घेणार असाल तर ए प्रकारची मागावी. आरसीसीबी जादा भार ओळखत नाही आणि एमसीबी गळती ओळखत नाही, त्यामुळे एक आहे म्हणून दुसरी नको असे होत नाही. तिच्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबावे; संकष्टी किंवा एकादशी, जे घरात पाळत असाल त्या दिवशी दाबले तर विसरायला होत नाही. आरसीसीबी बसवल्यावर ती वारंवार पडू लागली तर वायरमन ती काढून टाकायला सुचवेल. तसे करू देऊ नये. जुन्या घरात कुठे तरी गळती आहे, एवढेच ती सांगत असते.

सॉकेट न्हाणीघरात नको, आणि गॅलरीत घेतल्यास पावसाची झड पोहोचणार नाही अशा भिंतीवर, कमरेच्या उंचीवर घ्यावा. यंत्राच्या थेट पाठीमागे घेऊ नये. वास आला किंवा धूर दिसला तर बंद करण्यासाठी हात यंत्रावरून न्यावा लागतो. हवा बाहेर सोडणारे यंत्र असेल तर त्याच्या नळीचे तोंड सॉकेटकडे वळलेले नसावे, कारण त्या हवेतून ओल आणि कपड्यांचा भुगा दोन्ही येतात. हा भुगा जाळीवरून प्रत्येक फेऱ्यानंतर काढावा. जाळी तुंबली की हवा अडते, यंत्र तापते आणि फेरा लांबतो, म्हणजे तारेवरचा भारही अधिक वेळ राहतो. स्वयंपाकघरातली तेलकट फडकी, किंवा अभ्यंगाचे तेल मुरलेले टॉवेल, धुतलेले असले तरी ड्रायरमध्ये घालू नयेत. खाद्यतेल कपड्यात उरले असेल तर गरम कपड्यांच्या गठ्ठ्यात ते हवेशी संयोग पावून स्वतःच तापत जाते, आणि यंत्र बंद केल्यानंतरही पेट घेऊ शकते. यात वायरिंगचा काहीच दोष नसतो, म्हणून कोणतीही एमसीबी तिथे उपयोगी पडत नाही.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी ज्यांच्या घरात शिरले, त्या वाचकांसाठी एक वाक्य मध्येच लिहितो: जे सॉकेट पाण्याखाली गेले होते ते पुसून, वाळवून आज चालत असले तरी त्यांची आतली पाती गंजलेली असू शकतात, आणि त्यांवर ड्रायर किंवा गिझर लावण्याआधी ते बदलून घ्यावेत.

वीज बिलावर आपला मंजूर भार किती किलोवॅट लिहिला आहे तेही पाहावे. घरात एसी, गिझर आणि आता ड्रायर असे होत असेल आणि मंजुरी जुनीच असेल, तर मध्य गुजरात वीज कंपनीकडे, ज्यांना आपण सगळे अजून जीईबीवाले म्हणतो, भार वाढवण्याचा अर्ज करावा. थ्री फेज मीटर आहेच, तर वायरमनला ड्रायरची लाइन ज्या फेजवर एसी आणि गिझर नाहीत अशा फेजवर घ्यायला सांगावे. तेवढाच त्या थ्री फेजचा या कामी उपयोग आहे. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. आपला नेहमीचा वायरमन परवानाधारक असेल तर त्याला बदलण्याची गरज नाही. ज्याला आपल्या घराच्या भिंती ठाऊक आहेत त्याच्या हातात हे उत्तर ठेवले तर तो रागावण्याऐवजी बहुधा नीट वाचेल. नवी यंत्रे साच्यात बसवलेल्या पिनेसह येतात, ती पिन कापून दुसरी लावू देऊ नये. तिच्यातली अर्थिंगची पिन इतर दोघींपेक्षा लांब असते, म्हणजे लावताना ती प्रथम आत जाते आणि काढताना शेवटी बाहेर येते.

यंत्र आले की पहिला फेरा दिवसा, घरात कोणी तरी जागे असताना लावावा. तासाभराने सॉकेटचा स्विच बंद करून लगेच पिनेच्या आणि सॉकेटच्या प्लास्टिकला हाताची मागची बाजू लावून पाहावी. कोमट लागले तर चालेल. हात ठेववत नसेल, किंवा पिना काढल्यावर त्या काळवंडलेल्या दिसल्या, तर कपडे ओले राहिले तरी दोरीवर टाकावेत आणि वायरमनला बोलवावे. हीच परीक्षा आठवड्याने एकदा आणि मग पावसाळा संपताना एकदा करावी.